मारणे सोपे, धरणे अवघड

भीमेचे पाणी अडवून माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या नशिबाला कायमची ओल लाभली. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी पोटात घेणाऱ्या यशवंतसागराच्या काठाने केत्तूर, वाशिंबे, उमरड, वांगी, चिखलठाण, कुगाव, कंदर अशी गावे पसरली आहेत. जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. नव्या गावठाणांतही सारी माणसे राहिली नाहीत. ऊस आणि केळी यांच्या मागोमाग ती रानात, वस्त्यांवर जाऊन राहिली. पाण्याने समृद्धी आणली, आणि समृद्धीबरोबर तिची राखण करण्याचा घोरही आणला. काठावरच्या विजेच्या मोटारी, त्यांच्या तांब्याच्या तारा आणि केबली चोरीला जाण्याची तक्रार या भागाला नवी नाही. एका वस्तीपासून दुसरी वस्ती हाकेच्या पलीकडे, पोलीस ठाणे त्याहून दूर, आणि मध्ये उसाचा दाट पडदा. अशा ठिकाणी अंधारात एखादा अनोळखी माणूस हाती लागला, तर त्याचे करायचे काय, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आजवर या प्रश्नाला गावाने दिलेले उत्तर बहुधा एकच आहे : मारायचे. काठी, चप्पल, ऊसतोडीचा कोयता, जे हाती येईल त्याने मारायचे आणि मग पोलिसांना कळवायचे. माणूस चोर निघाला तर गावाला पश्चात्ताप होत नाही. चोर नाही असे ठरले, तर पश्चात्तापाला अर्थ उरत नाही. याचा सर्वांत भीषण दाखला सोलापूर जिल्ह्यानेच भोगलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठेचून ठार केले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे आणि बहुतेक मंगळवेढा तालुक्याकडचे होते. त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले होते. म्हणजे ज्या क्षणी त्यांच्यापासून कोणालाही धोका उरला नव्हता, त्या क्षणानंतर त्यांना मारण्यात आले. पकडणे आणि मारणे यांतील अंतर त्या गर्दीला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही ते पाळण्याचे कोणतेही साधन तिच्या हाती नव्हते.

हे साधन मनुष्यजातीला अपरिचित आहे असे मुळीच नाही. हल्लेखोराच्या मनगटाला, कोपराला किंवा खांद्याला त्याच्या स्वाभाविक मर्यादेपर्यंत नेऊन तेथे रोखून धरायचे, त्याला इजा न करता निष्क्रिय करायचे, ही विद्या जगातील बहुतेक सर्व युद्धकलांत आहे. तिला सांधेबंध म्हणावे. तिचे मूळ तत्त्व शाळेतील शरीरशास्त्राच्या धड्यातच दडलेले आहे. कोपर हा बिजागरीचा सांधा. दार जसे एकाच अंगाला उघडते तसा हात तेथे एकाच दिशेने वाकतो आणि सरळ झाला की थांबतो. खांदा हा उखळीचा सांधा. तो चोहोबाजूंना फिरतो, परंतु पाठीमागे वर नेताना एका हद्दीनंतर अडतो. सरळ झालेल्या कोपराच्या मागील बाजूस आधार देऊन मनगट विरुद्ध दिशेला दाबले, की अवघा हात एक तरफ होतो. टेकू कोपरापाशी, जोर मनगटापाशी. लांब दांड्याने जड धोंडा उचलावा तसा तो प्रकार. हल्लेखोराचे स्नायू कितीही बळकट असोत, सांध्याच्या रचनेपुढे त्यांचे काही चालत नाही. म्हणूनच दुबळ्याला बलवानापुढे उभे करणारी विद्या अशी तिची ख्याती झाली.

महाराष्ट्राला तर ही विद्या परकी मानण्याचे कारणच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांचा सराव यांची नोंद त्यात सापडते. ती कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार दूर नाही. परंपरेने मल्लविद्येचे चार प्रकार सांगितले जातात. केवळ बळावर भिस्त ठेवणारी भीमसेनी, डावपेचांवर चालणारी हनुमंती, प्रतिस्पर्ध्याला बंधात जखडून शरण आणणारी जांबुवंती आणि हातपाय व सांधे मोडण्यापर्यंत जाणारी जरासंधी. ही वर्गवारी काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहे. जांबुवंती आणि जरासंधी यांतील पकडी पुष्कळदा एकच असतात. फरक असतो तो कोठे थांबायचे याचा. आपल्या पूर्वजांनी थांबण्याला एक नाव दिले आणि न थांबण्याला दुसरे, यातच त्यांचा विवेक दिसतो.

विसाव्या शतकात या विद्येची पडझड सावरण्याचे थोर काम मराठी माणसांनी केले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण. बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिर चालविणारे राजरत्न माणिकराव हे सांघिक व्यायामाचे आचार्य म्हणून जसे प्रसिद्ध, तसेच निखळलेली हाडे बसविण्याच्या कौशल्याबद्दलही प्रसिद्ध होते. हा योगायोग नव्हे. सांधा कसा अडतो हे ज्याला कळते त्याला तो कसा बसतो हेही कळते. आणि बसविण्याचे कष्ट ज्याने पाहिले, तो मोडण्याची घाई करीत नाही. बडोद्यातच द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. एवढे वाङ्मय ज्या भाषेत आहे, त्या भाषेतील शाळांमध्ये आज सांध्यांचे ज्ञान परीक्षेत आकृतीला नावे देण्यापुरते उरावे, ही खेदाची गोष्ट आहे.

जपानने नेमके उलट केले. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो घडविला, तेव्हा त्यांनी ती विद्या शिक्षणाचे साधन म्हणून मांडली. धोकादायक प्रकार त्यांनी वगळले अथवा बांधून घातले. आजही ज्यूदोच्या स्पर्धेत कोपराखेरीज अन्य सांध्यावर बंध घालण्यास मनाई आहे. बंध बसल्यावर प्रतिस्पर्ध्याने हाताने थोपटून शरणागती दर्शविली, की त्याच क्षणी पकड सोडायची, हा नियम नवशिक्यालाही पहिल्या दिवसापासून शिकविला जातो. रवींद्रनाथांना या कलेचे शैक्षणिक मोल जाणवले होते. १९२९ साली त्यांनी ताकागाकी या जपानी गुरूंना शांतिनिकेतनात बोलावून घेतले, ते त्याचमुळे.

उजनीकाठच्या गावांत ज्यूदोचे आखाडे नसतील. पण कुस्तीचे वेड आहे. जत्रेची शेवटची कुस्ती पाहायला लोटणारी गर्दी अजून ओसरलेली नाही. तालमीतला मुलगा ढाक, घिस्सा, एकलंगी हे डाव जाणतो. समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे त्याला पाहताक्षणी कळते. सांधेबंधाची निम्मी तयारी तेथेच झालेली असते. तथापि उरलेली निम्मी तेथे होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. आजच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांत बोटे पिरगाळणे निषिद्ध आहे. हात पाठीमागे काटकोनाच्या पलीकडे दुमडणेही निषिद्ध आहे. खेळाच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु त्यामुळे मल्लाला प्रतिस्पर्ध्याला चीत करता येते, धरून ठेवता येतेच असे नाही. कुस्ती पाठ टेकली की संपते. रस्त्यावरची झटापट तेथे सुरू होते.

कायद्याची बाजू याहून अधिक बोलकी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमे आहेत. तो हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता यांनाही तो लागू होतो. परंतु संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कलम ३७ देत नाही. पुढे ११६ व्या कलमात ‘जबर दुखापत’ कशास म्हणावे याची यादी आहे. तीत सांधा कायमचा निकामी करणे आणि हाड मोडणे वा निखळणे ही स्पष्टपणे नमूद आहेत. याचा अर्थ असा, की मर्यादेवर थांबलेला बंध आणि मर्यादेपलीकडे दिलेला एक झटका यांच्यामध्ये कायद्याची एक अख्खी पायरी आहे. खासगी व्यक्तीने गुन्हेगाराला पकडण्याविषयीही कायदा मूक नाही. आपल्या समक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास नागरिक पकडू शकतो; मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. कायदा नागरिकाला धरण्याचा अधिकार देतो, शिक्षा करण्याचा नव्हे. पण ज्याला धरता येत नाही, तो या अधिकाराचा उपयोग करणार कसा?

असे असले तरी या विद्येचे स्तोत्र गाऊन मोकळे होणे हा आणखी एक अपराध ठरेल. चित्रपटांतून आणि स्नेहसंमेलनांच्या प्रात्यक्षिकांतून तिचे जे रूप दिसते, ते फसवे आहे. तेथे समोरचा गडी हात पुढे करून उभा राहतो; खरा हल्लेखोर हात आखडून घेतो, दुसऱ्या हाताने ठोसा मारतो आणि घामाने निसरडा झालेला असतो. दारूच्या अमलाखाली असलेल्या माणसाला वेदना उशिरा कळते. केवळ दुखविण्यावर आधारलेली पकड त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते आणि सांधा मोडेपर्यंत तो झगडत राहतो. म्हणून जाणते शिक्षक वेदनेपेक्षा तोल आणि शरीराचा भार यांवर भर देतात : धरलेला हात आपल्या छातीशी घट्ट, समोरच्याचा तोल ढळलेला, आणि एका सांध्याऐवजी दोन सांधे ताब्यात. हल्लेखोराच्या हाती सुरा असेल किंवा ते दोघे-तिघे असतील, तर मनगट पकडायला जाणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. तेथे पळणे, ओरडणे आणि दार लावून घेणे हेच शहाणपण. एका माणसाला सुरक्षितपणे धरून ठेवायला दोघे लागतात, हा साधा नियमही प्रात्यक्षिकांत कोणी सांगत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट धरून ठेवण्यातच असलेल्या मृत्यूची. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा मनुष्य बेड्या घातलेल्या अवस्थेत, रस्त्यावर पालथा पडलेला असताना मेला. पोलिसाने त्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला होता. त्या मृत्यूने जग हादरले. पण त्यातील शारीरिक धडा फारच थोड्यांनी घेतला. पालथ्या माणसाच्या पाठीवर वा मानेवर भार पडला, की त्याच्या छातीचा भाता हलेनासा होतो. त्याने केलेली धडपड हा प्रतिकार नसून श्वासासाठी चाललेली तगमग असू शकते; आणि ती धडपड पाहून धरणारे अधिकच जोर लावतात. चोर सापडल्यावर चार-पाच जणांनी त्याच्या अंगावर बसण्याची जी रीत खेड्यापाड्यांत आहे, ती म्हणूनच जीवघेणी आहे. हात ताब्यात आला की पाठीवरचा भार काढावा, माणसाला कुशीवर वळवावे किंवा बसते करावे आणि त्याचा श्वास चालू आहे ना हे पाहत राहावे. हा भाग न शिकविता जो नुसती पकड शिकवितो, तो अर्धी विद्या देतो. आणि अर्धी विद्या येथे प्राणावर बेतते.

मुलींच्या स्वसंरक्षणाचा प्रश्न याच चौकटीत पाहिला पाहिजे. समग्र शिक्षा अभियानाखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण म्हणून शाळांमध्ये तीन महिन्यांचे वर्ग घेतले जातात. हेतू स्तुत्य आहे. परंतु अशा वर्गांतून बहुधा अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी गुंड कल्पून डोळ्यांत बोटे घालण्याचे आणि लाथ मारण्याचे धडे दिले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. तो नातलग असतो, शेजारी असतो, मुकादम असतो. त्याच्या डोळ्यांत बोटे घालायला मुलीचा हात उठत नाही. आणि नेमक्या त्या संकोचावरच तो विसंबून असतो. मनगट सोडवून घेणे, अंगठा आणि बोटे यांच्या फटीतून हात झटकन काढणे, जवळ ओढणाऱ्याचे कोपर वर रेटून अंतर निर्माण करणे, ही मधली पायरी तिला ठाऊक असेल, तर निमूटपणा आणि रक्तपात यांच्यामध्ये तिला एक वाट मिळते. धरणे हा तिच्यासाठी हेतू नव्हे. सुटणे हाच हेतू.

अशा शिक्षणाचा उपयोग होतो याला पुरावा आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अवघ्या बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थिनींत वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण ५.२ टक्के आढळले. ज्यांना केवळ माहितीपत्रके मिळाली, त्यांच्यात ते ९.८ टक्के होते. मात्र त्या बारा तासांतील शारीरिक डावांचा वाटा लहान होता. बराचसा वेळ धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसाला ठामपणे नकार देणे आणि आपल्या मनातील भीड मोडणे यांवर खर्च झाला होता. सांधेबंध शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे ध्यानात ठेवावे : मनगट सुटण्याआधी जीभ सुटली पाहिजे.

धरणाकाठच्या माणसांना या विद्येचा आणखी एक उपयोग आहे. येथे पाणी हाच शेजारी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. बोटी सुरक्षित असाव्यात, अंगरक्षक जाकिटे असावीत, हे अर्थातच पहिले कर्तव्य. पण पाण्याकाठी वाढलेला पोहणारा मुलगा बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेतल्यावाचून राहत नाही, आणि बुडणारा त्याच्या गळ्याला मिठी मारून दोघांनाही तळाशी नेतो. त्या मिठीतून सुटण्याची रीतही सांध्यांचेच शास्त्र सांगते : हनुवटी छातीशी दाबून गळा वाचवायचा, श्वास घेऊन स्वतः खाली बुडी मारायची, आणि मिठी मारणाऱ्याचे कोपर खालून वर ढकलून निसटायचे. मनुष्य पाण्याखाली जाणाऱ्याला धरून राहत नाही. येथे तर समोर शत्रूही नाही. भयाने अंध झालेला एक जीव आहे. त्याला इजा न करता त्याच्या पकडीतून सुटायचे, आणि सुटून पुन्हा त्यालाच वाचवायचे. या विद्येचे सर्वांत उदात्त रूप कोणते असे कोणी विचारले, तर याच कृतीकडे बोट दाखवावे लागेल.

अशा शिक्षणाने गावोगावी दांडगेश्वर निर्माण होतील, अशी शंका काढली जाते. ती अगदीच अनाठायी नाही. हात पिरगाळण्याची कला दुर्जनाच्या हातीही जाऊ शकते, आणि घरातल्या बाईवरच तिचा प्रयोग होऊ शकतो. पण दुर्जनाला हात पिरगाळायला कोणी शिकवावे लागत नाही. वंचित राहतो तो सज्जनच. शिवाय ही विद्या ज्या पद्धतीने शिकली जाते, तिच्यातच एक संस्कार आहे. आपला सांधा रोज सोबत्याच्या हाती सोपवायचा आणि त्याने वेळीच सोडावा असा भरवसा ठेवायचा. दुसऱ्या क्षणी त्याचा सांधा आपल्या हाती. ज्याने शेकडो वेळा थोपटल्याबरोबर पकड सोडली आहे, त्याच्या हाताला थांबण्याची सवय लागते. लाठीला अशी सवय लागत नाही.

काय करता येईल? फार मोठ्या योजनेची गरज नाही. करमाळा, माढा आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यांत जी गावे ग्रामसुरक्षा दले चालवितात, त्यांच्या तरुणांना काठी आणि शिट्टी देतानाच चार-सहा साधे बंध आणि पालथ्या माणसाविषयीची सावधगिरी शिकवावी. वस्ताद तालमीत आहेतच. पोलीस प्रशिक्षकाने कायदा सांगावा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टराने श्वासाचे आणि सांध्याचे भान द्यावे. शाळांनी कोवळ्या वयाच्या मुलांना सांध्यांवरचे बंध शिकवू नयेत. वाढत्या हाडांना ते घातक आहेत. त्या वयात पडण्याचा आणि पकडीतून सुटण्याचा सराव पुरे. बंध पुढच्या वर्गांसाठी ठेवावेत. आणि साखर कारखान्यांनी एक गोष्ट विसरू नये : हंगामात त्यांच्या उसाच्या फडालगत ज्या कोप्या उभ्या राहतात, त्यांत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलींना दार नाही, कडी नाही आणि बहुधा शाळाही नाही. स्वसंरक्षणाच्या शिक्षणाचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

पोलीस दूर असताना गावाने स्वतःचे रक्षण करावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण गाव पोलीस झाले म्हणून ते न्यायाधीश आणि मारेकरी होत नाही. रात्री फडातून ओढून आणलेला माणूस सकाळी जिवंत, धड हातापायांनिशी ठाण्यात पोहोचला, तर तो चोर असल्यास कायदा त्याला पाहून घेईल, आणि भिक्षा मागणारा असल्यास त्याच्या घरी वाट पाहणाऱ्यांना तो परत मिळेल. गावाच्या बळाची परीक्षा त्याच्या काठीवर होत नाही. हाती सापडलेल्या माणसावर किती जोर लावायचा आणि कोठे थांबायचे, हे त्याच्या हातांना किती कळते यावर ती होते.